पोरसची गोष्ट सांगता, मग मस्सगचीही सांगा

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत अलेक्झांडरच्या स्वभावावरचा लेख आला आणि पाठोपाठ वाचकांची पत्रे आली. एका पत्रात तो दिलदार, शत्रूचाही मान राखणारा राजा होता. दुसऱ्या पत्रात दारूच्या नशेत मित्राला भोसकणारा, शहरे जाळणारा माणूस. दोन्ही पत्रे मी सावकाश वाचली. दोघांनी दिलेले प्रसंग जुन्या ग्रंथांत आहेत, कुणी पदरचे काही घातलेले नाही. तरीही वाचून अस्वस्थ झाले. हा प्रसंग नेमका कोण सांगतो आणि त्याला तो कुठून कळला, हे दोघांपैकी एकानेही सांगितले नाही. मूळ लेखातही ते नव्हते.

मी सत्र न्यायालयात लघुलेखिका होते. साक्षीदार बोलायचा आणि मी उतरवून घ्यायचे, नोकरीभर हेच काम. साक्षीदाराने "असं म्हणतात की" अशी सुरुवात केली की समोरचे वकील ताडकन उभे राहत. कोण म्हणतं? तुम्ही स्वतः पाहिलं का? निवृत्तीनंतर चरित्रे वाचू लागले तेव्हा हे प्रश्न माझ्याबरोबर आले, आणि अलेक्झांडरच्या चरित्रांइतकी त्यांची गरज मला दुसरीकडे क्वचितच भासली.

अलेक्झांडर इ.स.पू. ३२३ च्या जूनमध्ये बॅबिलोनला वारला, तेव्हा त्याला तेहतीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्याच्याबरोबर मोहिमेवर गेलेल्या कितीतरी जणांनी लिहून ठेवले होते: दरबारी इतिहासकार कॅलिस्थेनीस, सेनानी टॉलेमी, अ‍ॅरिस्टोब्युलस, आरमाराचा प्रमुख निआर्कस, राजाच्या नौकेचे सुकाणू धरणारा ओनेसिक्रिटस, दरबाराची व्यवस्था पाहणारा कॅरीस. यांच्यापैकी एकाचाही ग्रंथ आज अखंड उरलेला नाही. आपल्या हाती आहेत ती त्यांच्यावरून पुढच्यांनी लिहिलेली पुस्तके. डायोडोरसने लिहिले जवळजवळ तीनशे वर्षांनी. रोमन कर्टियस रूफस त्याच्या नंतरचा, आणि त्याच्या दहा भागांतले पहिले दोन हरवलेले. प्लुटार्क चारशेहून अधिक वर्षांनी, एरियन त्याच्याही नंतर. ज्याला आपण अलेक्झांडरचा स्वभाव म्हणतो तो असा ऐकीव पुराव्यातून, तोही दुसऱ्या-तिसऱ्या तोंडून, आपल्यापर्यंत पोचला आहे. त्याच्या मृत्यूच्या दिवसांतली एक नोंद मात्र शाबूत आहे. बॅबिलोनचे ज्योतिषी रोजचे आकाश मातीच्या पाट्यांवर टिपून ठेवत, त्यातल्या एका पाटीवर राजा वारल्याचे आणि आभाळ ढगाळ असल्याचे लिहिले आहे. तो चांगला होता की वाईट, याबद्दल तिथे अक्षर नाही.

आता क्लायटसचा प्रसंग घ्या, कारण दुसऱ्या पत्रलेखकाचा सगळा भर त्याच्यावर आहे. इ.स.पू. ३२८, मराकांडा, म्हणजे आजचे समरकंद. ग्रॅनिकसच्या लढाईत याच क्लायटसने अलेक्झांडरचा जीव वाचवला होता, आणि त्याची बहीण लॅनिकी ही अलेक्झांडरची दाई. त्या रात्री मेजवानीत दोघेही खूप प्यायलेले. खुशमस्कऱ्यांनी राजाला देवांच्या पंक्तीला बसवले, ते क्लायटसला सोसले नाही. ही सगळी कामगिरी एकट्याची नाही, मॅसिडोनियन सैनिकांची आहे, असे तो बोलला. शब्दाने शब्द वाढला आणि अलेक्झांडरने भाला चालवला. इथपर्यंत सगळे जवळपास एकच सांगतात.

पुढे फाटे फुटतात. प्लुटार्क सांगतो की मित्रांनी क्लायटसला कसेबसे बाहेर ढकलले, पण तो दुसऱ्या दाराने नाटककार युरिपिडीसची ओळ म्हणत परत आला, आणि पडदा सारत असतानाच त्याच्यावर वार झाला. एरियन अ‍ॅरिस्टोब्युलसच्या हवाल्याने सांगतो की त्याला किल्ल्याच्या भिंतीपलीकडे, खंदकापार नेले होते, तिथून तो माघारी फिरला. अलेक्झांडर त्याच्या नावाने ओरडत होता, "हा मी आलो" म्हणत तो समोर उभा राहिला आणि मेला. कर्टियसची हकिगत मात्र अंगावर काटा आणते. त्याच्या म्हणण्याप्रमाणे अलेक्झांडर भाला घेऊन देवडीत दबा धरून उभा राहिला. पाहुणे एकेक करून गेले, सगळ्यांत शेवटी क्लायटस दिव्याशिवाय अंधारात बाहेर आला. राजाने विचारले, कोण आहे? त्याने उत्तर दिले, आणि मग वार.

न्यायालयात आयुष्य काढलेल्या कुणालाही यातला फरक लगेच कळेल. एकात अचानक पेटलेला राग आहे, प्रक्षोभ आहे, तो सदोष मनुष्यवध. दुसऱ्यात थांबणे आहे, ओळख पटवणे आहे, तो सरळ खून. मेलेला माणूस तोच, भालाही तोच, पण आरोप बदलतो आणि आरोपीचा स्वभावही बदलतो. तेव्हा "अलेक्झांडरने मित्राला मारले" एवढ्या वाक्यावरून त्याचा स्वभाव ठरवणाऱ्याने आपण कुणाची जबानी ग्राह्य धरली, हे वाचकाला सांगायला नको का?

एरियनचा इथला अभिप्राय मला फार मोलाचा वाटतो. क्लायटस उद्धटपणे बोलला हे तो लपवत नाही. अलेक्झांडर त्या घटकेला राग आणि दारू या दोन दोषांचा गुलाम झाला, याबद्दल एरियनला त्याची कीव येते. नंतर तीन दिवस अन्नपाण्याशिवाय पडून राहिलेल्या राजाच्या पश्चात्तापाचे तो कौतुकही करतो. मात्र राजा जे करेल तेच न्याय्य, अशी समजूत घालायला आलेल्या तत्त्वज्ञ अ‍ॅनाक्सार्कसला तो माफ करत नाही. या सांत्वनाने अलेक्झांडरचे अधिकच नुकसान झाले, असे तो स्वच्छ म्हणतो. पश्चात्ताप करणाऱ्याला पश्चात्ताप करू न देणे हा केवढा अपराध आहे, हे ओळखणारा हा चरित्रकार आहे. सैन्याधिकारी, कॅपाडोशियाचा प्रांताधिपती आणि तत्त्वज्ञ एपिक्टेटसचा शिष्य, तिन्ही अंगे त्या एका परिच्छेदात दिसतात.

पण एरियनच्याही साक्षीदारांना तोच प्रश्न विचारावा लागतो. ग्रंथाच्या आरंभीच तो सांगतो की टॉलेमी आणि अ‍ॅरिस्टोब्युलस जिथे एकमताने बोलतात तिथे मी ते खरे मानतो, आणि टॉलेमी तर स्वतः राजा झाला, राजाला खोटे बोलणे जास्त लाजिरवाणे. हे कारण वाचून मी पुस्तक मिटून बसले होते. ज्याने अलेक्झांडरचे शव मध्येच ताब्यात घेऊन इजिप्तला नेले, ज्याच्या घराण्याचे राज्य क्लिओपात्रापर्यंत चालले, त्याला अलेक्झांडरची कीर्ती राखण्यात आणि स्वतःची सोय पाहण्यात हितसंबंध नव्हता?

इराणी राजधानी पर्सेपोलिसचेच पाहा. इ.स.पू. ३३० मध्ये तिथला राजवाडा जळाला. एरियन म्हणतो, अलेक्झांडरने तो ठरवून जाळला, इराण्यांनी ग्रीसमध्ये केलेल्या विध्वंसाचा सूड म्हणून. जे आता आपलेच आहे ते का जाळता, असे सांगून म्हाताऱ्या सेनापती पार्मेनियनने त्याला अडवून पाहिले. एरियनला स्वतःलाही हे कृत्य शहाणपणाचे वाटत नाही. डायोडोरस, कर्टियस आणि प्लुटार्क मात्र थाइस नावाच्या अथेन्सच्या गणिकेचे नाव घेतात. दारूच्या बैठकीत तिने आग लावण्याची कल्पना काढली आणि राजा मशाल घेऊन उठला, असे ते सांगतात. ठरवून झाले असे म्हणणारेही आहेत, हे प्लुटार्क प्रामाणिकपणे नोंदवतो. आता ही थाइस कोण? टॉलेमीबरोबर राहिलेली, त्याच्या मुलांची आई. एरियनच्या पानांवर ती का नाही, याचे एक कारण त्याच्या मुख्य साक्षीदाराच्या घरातच असू शकते. हे मी सिद्ध करू शकत नाही. पण एवढा संबंध असलेल्या साक्षीदाराची उलटतपासणी कोणताही वकील सोडणार नाही. आणि चरित्रकार कोणती हकिगत उचलतो त्यावर अलेक्झांडर थंड डोक्याचा सूडकरी ठरतो, की बाईमाणसाच्या एका वाक्याने पेटणारा मद्यपी.

त्याच टॉलेमीचा एक चांगुलपणाही सांगायला हवा. अलेक्झांडर पंजाबातल्या मल्ली लोकांच्या किल्ल्यात बाण लागून मरता मरता वाचला, तेव्हा त्याच्यावर ढाल धरणाऱ्यांत टॉलेमी होता, असे काही लेखकांनी लिहिले. टॉलेमीने स्वतः लिहिले की मी तिथे नव्हतो, दुसऱ्या मोहिमेवर होतो. फुकटचे श्रेय त्याने घेतले नाही. साक्षीदार एका ठिकाणी खरा आणि दुसऱ्या ठिकाणी गप्प असतो, हे मी रोज पाहिलेले आहे.

कॅलिस्थेनीसबद्दल थोडक्यात. अ‍ॅरिस्टॉटलचा हा नातेवाईक अलेक्झांडरचा पहिला चरित्रकार म्हणायला हरकत नाही. इराणी सम्राटाविरुद्धच्या गौगामेलाच्या लढाईत पार्मेनियन सुस्त होता, ही गोष्ट प्लुटार्कने त्याच्याच नावावर दिली आहे, आणि हाच पार्मेनियन पुढे अलेक्झांडरच्या हुकमाने एकबटानाला मारला गेला. म्हणजे ज्याचा काटा काढला त्याच्याविरुद्धची साक्ष राजाच्या पदरच्या लेखकाची! पुढे राजापुढे लोटांगण घालायला विरोध केल्यावर कॅलिस्थेनीसही गेला. कसा गेला? अ‍ॅरिस्टोब्युलस म्हणतो, बेड्यांत आजारी पडून. टॉलेमी म्हणतो, छळ करून फाशी दिले. दोघेही तळावर हजर असलेले, दोघेही एरियनचे भरवशाचे. त्यांचेच जमत नाही म्हणून एरियन अचंबा व्यक्त करतो आणि दोन्ही हकिगती तशाच ठेवतो. एकीला झाकून दुसरी पुढे केली असती तर चरित्र अधिक सुबक झाले असते. त्याने ते केले नाही, म्हणून या माणसावर माझा विश्वास बसतो.

प्लुटार्कवरही याच कारणासाठी माझा लोभ आहे. तो कायरोनियाचा. याच गावाच्या रानात इ.स.पू. ३३८ मध्ये अठरा वर्षांचा अलेक्झांडर बापाच्या सैन्यात लढला आणि थीब्ज-अथेन्सचा पाडाव झाला. नदीकाठी एक जुना ओकवृक्ष आहे, त्याखाली अलेक्झांडरचा तंबू होता आणि जवळच मॅसिडोनियनांचे दफनस्थान आहे, असे प्लुटार्क सांगतो. जिंकणाऱ्याचे चरित्र हरलेल्यांच्या गावातल्या माणसाने लिहिले, आणि तरी त्यात डूख नाही. मी इतिहास लिहीत नाही, चरित्रे लिहितो, असे तो सुरुवातीलाच बजावतो. हजारो माणसे पडलेल्या लढाईपेक्षा एखादा सहज उद्गार, एखादी थट्टा माणसाचा स्वभाव जास्त दाखवते, हे त्याचे सूत्र. त्यात धोका आहे, कारण उद्गार रचणे सोपे असते. पण तो धोका तो ओळखून आहे. स्त्री-योद्ध्यांची, अ‍ॅमेझॉनांची राणी अलेक्झांडरला भेटायला आली, या कथेशी आल्यावर तो आधी ती खरी मानणाऱ्यांची नावे देतो, मग ती बनावट म्हणणाऱ्यांची. त्यांत टॉलेमी आणि अ‍ॅरिस्टोब्युलस दोघेही आहेत. शेवटी सांगतो की ओनेसिक्रिटस ही कथा राजा लायसिमाकसला वाचून दाखवत होता, तेव्हा मोहिमेत स्वतः असलेला लायसिमाकस हसून म्हणाला, "आणि मी तेव्हा कुठे होतो?" चरित्र लिहिणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग वाचावा.

आता मुख्य मुद्दा. पहिल्या पत्रलेखकाचा सगळा आधार पोरसवर, म्हणजे आपल्या पुरूवर आहे. इ.स.पू. ३२६, झेलमकाठची लढाई. पराभूत पोरसला विचारले, तुला कसे वागवू? तो म्हणाला, राजासारखे. त्याचे राज्य त्याला परत मिळाले, वर आणखी मुलूख मिळाला. ही गोष्ट एरियन आणि प्लुटार्क दोघेही देतात आणि ती मला खरीच वाटते. लहानपणी सगळ्यांनीच ती ऐकली आहे.

पण याच्या काही महिनेच आधी, इ.स.पू. ३२७ च्या अखेरीस, स्वात खोऱ्यातल्या मस्सग नगरात काय झाले ते कुणी ऐकले आहे? तिथे सात हजार भारतीय भाडोत्री सैनिक होते. नगर पडल्यावर त्यांच्याशी तह झाला. ते बाहेर पडले, आणि अलेक्झांडरने त्यांना वेढून कापून काढले. डायोडोरस सांगतो की शपथ मोडल्याचा त्यांनी आक्रोश केला, तेव्हा अलेक्झांडरने उत्तर दिले की मी तुम्हाला नगर सोडू देण्याचे वचन दिले होते, कायमच्या मैत्रीचे नाही. बरोबरच्या बायकांनी पडलेल्यांची शस्त्रे उचलली आणि नवऱ्यांच्या बाजूला उभ्या राहून लढल्या, हेही तोच सांगतो. प्लुटार्क नगराचे नाव घेत नाही, पण अलेक्झांडरच्या युद्धकर्तृत्वावरचा हा डाग आहे, असे स्पष्ट लिहितो. आणि कर्टियस, जो क्लायटसच्या प्रसंगी अलेक्झांडरला जराही सवलत देत नाही, तो मस्सगमध्ये राणी क्लिओफिस शरण कशी आली आणि तिला क्षमा कशी मिळाली एवढेच सांगून पुढे जातो. कत्तलीबद्दल चकार शब्द नाही. निंदकाच्या ग्रंथात निंदेचे सगळे सापडेल, असे धरून चालता येत नाही.

एरियन इथे बचाव करतो. त्याच्या मते या सैनिकांनी अलेक्झांडरच्या सैन्यात सामील व्हायचे कबूल केले होते. मग इतर भारतीयांविरुद्ध शस्त्र धरायची इच्छा नसल्याने रात्री पळून घरी जायचा त्यांचा बेत होता, तो राजाला कळला. एरियनबद्दल इतका आदर असूनही हा बचाव मला पटत नाही. बेत कुणी सांगितला? सांगणाऱ्याचे नाव नाही. ज्यांच्यावर आरोप आहे त्यांच्यातला कुणी आपली बाजू मांडायला उरला नाही. प्राचीन भारतीय ग्रंथांत तर अलेक्झांडरच्या स्वारीची हकिगतच नाही, तेव्हा दुसऱ्या बाजूची साक्ष मिळण्याची वाटही बंद. आणि एरियनचेच म्हणणे खरे धरले तरी, आपल्याच लोकांवर शस्त्र उचलायचे नाही म्हणून घरी जाऊ पाहणे हा देहदंडाचा गुन्हा कसा होतो?

पोरसच्या गोष्टीचाही पुढचा भाग सहसा सांगत नाहीत. त्यानंतर काही काळातच कथाई लोकांच्या सांगल नगराला वेढा पडला, तेव्हा हाच पोरस हत्ती आणि पाच हजार भारतीय सैनिक घेऊन अलेक्झांडरच्या मदतीला हजर होता. तिथे सतरा हजार मारले गेले आणि सत्तर हजारांहून अधिक पकडले गेले, हे आकडे एरियनचे. राजासारखे वागवणे काय होते, ते या पानासह वाचले पाहिजे. उदारपणा खोटा होता असे मी म्हणत नाही. तो कुणाच्या वाट्याला आला आणि कुणाच्या नाही, हे चरित्रात दिसले पाहिजे एवढेच म्हणते.

आधुनिक चरित्रकारही याला अपवाद नाहीत. विल्यम टार्न हे मूळचे बॅरिस्टर, अभ्यास अफाट. इ.स.पू. ३२४ मध्ये ओपिस येथे सैन्याचे बंड शमल्यावर अलेक्झांडरने मोठी मेजवानी दिली. एरियनने लिहिले आहे की नऊ हजार माणसे होती असे म्हणतात, आणि राजाने मॅसिडोनियन व इराणी यांच्यात एकोपा राहावा, राज्यकारभारात दोघांची भागीदारी असावी, अशी प्रार्थना केली. एवढ्यावरून टार्न यांनी १९३३ च्या व्याख्यानात आणि १९४८ च्या दोन खंडांच्या ग्रंथात सगळ्या मानवजातीच्या ऐक्याचे स्वप्न पाहणारा अलेक्झांडर उभा केला. पहिल्या महायुद्धातून गेलेल्या पिढीला असा अलेक्झांडर हवासा वाटला, हे मी समजू शकते. १९५८ मध्ये इतिहासकार अर्न्स्ट बेडियन यांनी मूळ उतारे एकेक करून तपासले आणि ही इमारत पाडली. लहानपणी नाझींच्या भयाने व्हिएन्ना सोडावे लागलेल्या बेडियन यांना अलेक्झांडरमध्ये संशयाने ग्रासलेला, एकटा पडत गेलेला सत्ताधीश दिसला. प्रार्थनेचे वाक्य मात्र एरियनच्या ग्रंथात जसेच्या तसे आहे, आणि त्यात दोनच समाजांची नावे आहेत. मला बेडियन यांची तपासणी पटते, टार्न यांचा निष्कर्ष पटत नाही. पण दोघांनीही मूळ उतारा वाचकापुढे ठेवला, म्हणूनच माझ्यासारख्या सामान्य वाचकाला निवड करता आली.

इराणकडची तऱ्हा आणखी वेगळी. जरथुष्ट्री परंपरेत तो धर्मग्रंथ जाळणारा शापित माणूस आहे, तर फारसी कवी फिर्दौसीच्या काव्यात तोच इराणी राजा दाराबचा मुलगा होऊन गादीचा हक्कदार बनतो.

मराठीत अलेक्झांडरवर लिहिणाऱ्यांना आणि आपल्या पुरवणीला माझी कळकळीची विनंती आहे. प्रसंग सांगताना सांगणाऱ्याचे नाव वाक्यातच द्या. "कर्टियस म्हणतो", "टॉलेमीच्या म्हणण्याप्रमाणे" या दोन शब्दांनी वाचकाचे काही अडत नाही, लेखाची जागाही फारशी खर्च होत नाही. जिथे दोन हकिगती आहेत तिथे दोन्ही छापा. पुरवणीतल्या लेखात पोरसवर अर्धे पान आणि चित्र होते. पुढच्या एखाद्या रविवारी त्याच आकाराची जागा मस्सगला द्यावी. एरियनचा बचाव, डायोडोरसने नोंदवलेला आक्रोश आणि प्लुटार्कचा निवाडा तिथे एकाखाली एक, ज्याचे त्याच्या नावाने यावा, आणि त्यावर वाचकांची पत्रे मागवावीत.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त न्यायालयीन लघुलेखिका